‘जेवून घ्या’ एवढं सांगून भागत नाही

सीमाभागातल्या सर्व औषध दुकानदार बंधू-भगिनींना आणि बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी निपाणीची. इथल्याच एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. मागच्या आठवड्यात मुलाच्या खोकल्याचं औषध घ्यायला बाजारातल्या एका मेडिकलमध्ये गेले होते. माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. धोतर, टोपी, हातात काठी. म्हणाले, ‘गुडघ्याची दे रं, मागच्यासारखीच.’ काउंटरवरच्या पोरानं पट्टी काढली, कात्रीनं सहा गोळ्या कापल्या, कागदी पाकिटात टाकल्या आणि म्हणाला, ‘आजोबा, जेवून घ्या.’

मला राहवलं नाही. विचारलं, ‘आजोबा, कधीपासून घेताय ही गोळी?’ ‘सुगीपासनं.’ ‘दुसरं काही चालू आहे का?’ ‘हार्टाची एक बारकी गोळी हाय, रक्त पातळ व्हायची.’

मी मालकांकडे पाहिलं. हृदयाची गोळी, वय सत्तरीच्या पुढं आणि वर ही रोजची दुखण्याची गोळी, जिच्यानं जठरात जखम होऊन रक्त जाऊ शकतं. यांच्या पोटाचं काय, असं मी त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, ‘बाई, प्रत्येकाला एवढं विचारत बसलो तर रांग रस्त्यापर्यंत जाईल. जेवून घ्यायला सांगितलंय की.’

हे मालक वाईट माणूस नाहीत. लॉकडाउनमध्ये त्यांनी आमच्या गल्लीत दारोदार औषधं पोचवली, उधारीवर सुद्धा. म्हणूनच त्यांच्या या उत्तरानं मला दोन रात्री झोप लागली नाही. चांगल्या माणसालाही ‘जेवून घ्या’ म्हणजे आपलं कर्तव्य झालं असं वाटत असेल, तर हे एका दुकानापुरतं राहत नाही. त्यामुळे हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

आता माझं यात काय, ते सांगते.

माझी आई बाराव्या वर्षापासून विड्या वळत आली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, मान खाली, पाठीला पोक, आणि दिवसाला हजाराचा हिशोब. निपाणीत हे घरोघरी आहे, तुम्हाला नव्यानं सांगायला नको. कंबर तर तिची लग्नाआधीपासूनच धरलेली. त्यात २००६ साली चिकुनगुनियाची साथ आली. त्या वर्षी कर्नाटकात लाखो लोकांना ताप आला आणि आपल्या भागात घरटी कुणीतरी भिंत धरून चालत होतं. ताप चार दिवसांत गेला, पण आईच्या बोटांचे सांधे काही सुटले नाहीत. बोटं वळेनात तर विडी कशी वळणार? तेव्हा कुणीतरी मेडिकलमधली ‘अंगदुखीची गोळी’ सुचवली. ती गोळी मग घरातच राहिली. सकाळी मिश्री, मग कोरा चहा, मग गोळी. पट्टी तिच्या चंचीत असायची, सुपारी आणि अडकित्त्याच्या शेजारी.

पोटात जळजळ कधी झाली नाही, आंबट ढेकर कधी आला नाही. त्यामुळे ही गोळी पोटाला लागतेय हे आम्हाला कळलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी ती थकायला लागली. जिना चढताना दम लागायचा, ओठ पांढरे पडले. तपासणीत रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्यानंतर शी काळी होऊ लागली. लोहाच्या गोळीनं काळी होते, असं सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंही आहे. पण रक्त कमी का झालं, हे कुणी विचारलं नाही. आणि बाई दुखण्याची गोळी रोज खातात का, हेही कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. शिकलेली मुलगी असून मी नाही विचारलं, हे मला आयुष्यभर लागून राहणार आहे.

आषाढातल्या एका पहाटे आई मोरीत पडली. अंगाला दरदरून घाम, नाडी पळत होती, आणि शी डांबरासारखी चिकट, तिचा वास अजून माझ्या नाकात आहे. गाडीत तिला उलटी झाली, चहाच्या चोथ्यासारखी काळपट. भर पावसात आम्ही दवाखाना गाठला तेव्हा हिमोग्लोबिन पाचवर आलं होतं. तीन बाटल्या रक्त चढवलं. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात दोन जखमा, त्यातली एक वाहत होती.

डॉक्टरांनी विचारलं, ‘कोणती गोळी घेत होत्या?’ मी चंची उघडली. कात्रीनं कापलेला पट्टीचा तुकडा निघाला. त्यावर दोन गोळ्या शिल्लक, आणि चंदेरी कागदावर इंग्रजीत ‘फेनॅक’ एवढीच अक्षरं. बाकी नाव दुकानातल्या अर्ध्या पट्टीवर राहिलं होतं. डायक्लोफेनॅक म्हणावं की ॲसिक्लोफेनॅक? मिलिग्रॅम किती? काहीच कळेना. वाहतं रक्त थांबवण्याच्या धावपळीत डॉक्टर तो तुकडा उजेडाकडे धरून वाचायचा प्रयत्न करत होत्या. तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे.

आई वाचली. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला, त्याचे औषध चौदा दिवस दिलं. हा जंतू आपल्याकडे पुष्कळांच्या पोटात असतो, आणि तो असताना दुखण्याची गोळी सुरू राहिली तर अल्सरचा, म्हणजे जठरातल्या जखमेचा, धोका आणखी वाढतो. आता आई कामाला बसत नाही. पण तिच्या जागी बसणाऱ्या शेकडो बायका आहेत, चंच्या आहेत, आणि तीच गोळी आहे.

माझी पहिली तक्रार याच ‘जेवून घ्या’बद्दल आहे, आणि तीच सगळ्यात मोठी आहे.

लोकांची समजूत अशी की गोळी पोटात पडून पोटाला टोचते, म्हणून खाली भाकरी असली की भागलं. तसं नाही. जेवणानंतर घेतल्यानं मळमळ थोडी कमी होते, तेवढंच. खरं नुकसान गोळी रक्तात गेल्यावर होतं. आपल्या जठरात दगड झिजवील असं आम्ल असतं. त्यापासून जठराची भिंत वाचते ती आतल्या बुळबुळीत थरामुळे. जुन्या मातीच्या घरात भिंतीला सारवण असायचं ना, तसं समजा. ते सारवण रोजच्या रोज नव्यानं करावं लागतं, आणि ते करण्याचा हुकूम देणारं द्रव्य शरीर स्वतः बनवतं, त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन. हेच द्रव्य सांध्यात सूज आणि वेदनाही वाढवतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन या गोळ्या ते बनणंच रोखतात. सांध्यातली वेदना उतरते आणि त्याच वेळी पोटातलं सारवण थांबतं. जॉन व्हेन यांनी हे १९७१ साली दाखवून दिलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे ही गोष्ट माझ्या वयाहून जुनी आहे, आणि काउंटरवर अजून पोचलेली नाही.

म्हणूनच ‘सुई घेतली तर पोटाला लागत नाही’ हेही खोटं आहे. सुई कमरेत घेतली तरी औषध रक्तातूनच फिरतं. आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळीचंही तसंच. आमच्याकडे बाजारादिवशी सुई मारून घ्यायला रांग लागते, आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाला वाटतं की आपण पोट वाचवलं.

दुसरी तक्रार. धोका कुणाला जास्त, हे तुम्ही शिकला आहात. फार्मसीची परीक्षा पास झाल्याशिवाय तुमच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र लागत नाही. वय साठ-पासष्टच्या पुढं, आधी कधी अल्सर किंवा पोटातून रक्त गेलेलं, सोबत हृदयासाठीची ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, किंवा एकाच वेळी दोन दुखण्याच्या गोळ्या. यातलं एक असलं तरी धोका वाढतो, आणि दोन-तीन एकत्र आले तर कितीतरी पटींनी वाढतो. नियमित घेणाऱ्या शंभर जणांना दुर्बिणीतून तपासलं तर पंधरा ते तीस जणांच्या जठरात किंवा त्याला लागून असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम दिसते. वर्षाकाठी शंभरातल्या एक-दोघांना रक्तस्राव होतो किंवा भोक पडतं. आणि यातल्या पुष्कळांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, आधी पोटदुखी होतच नाही. वेदना मारणारी गोळीच ती. माझ्या आईसारखं एकदम मोरीत पडेपर्यंत काही कळत नाही. त्यामुळे ‘त्रास होत नाही ना, मग घ्या’ हा सल्ला अपुराच नाही, धोकादायक आहे.

दोन गोळ्यांचं तर फार होतं. दाढेसाठी एकानं दिलेली, गुडघ्यासाठी दुसऱ्यानं दिलेली, पाळीत पोट दुखतं म्हणून सुनेची तिसरी. नावं वेगळी, रंग वेगळे, आत औषध एकाच जातीचं. घरातल्या माणसाला ते ओळखता येणार नाही. तुम्हाला येतं.

तिसरी तक्रार कात्रीची. गरीब गिऱ्हाईक दोनच गोळ्या मागतं हे मला ठाऊक आहे, अख्खी पट्टी घ्या असं मी म्हणणार नाही. पण पट्टी कापताना नाव आणि मुदत गिऱ्हाइकाच्या वाट्याला जाईल अशी कापा. जमत नसेल तर पाकिटावर पेनानं लिहा. दहा सेकंद लागतात. आणि पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या, एक पिवळी, एक पांढरी, एक गुलाबी, या काही दवाखान्यांतून आणि दुकानांतून अजून मिळतात. त्यात स्टेरॉइड असतं का, ते घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

चौथी तक्रार कायद्याची आहे, ती थोडक्यात सांगते. डायक्लोफेनॅक हे ‘शेड्यूल एच’मधलं औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही, असं १९४५ पासूनचे औषध नियम सांगतात. पट्टीवरही तसं छापलेलं असतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ज्याला तहसीलदाराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्याला ते काय कामाचं? ते वाचून दाखवणारा माणूस म्हणूनच तर फार्मासिस्ट तिथं बसवला आहे.

पाचवी गोष्ट, उताऱ्याबद्दल. पोटाला गोळी लागते हे ज्यांना ठाऊक आहे ते सोबत गुलाबी पातळ औषध देतात. त्यानं जळजळ शमते, जखम टळत नाही. उलट जळजळ हीच एक खूण होती, तीही झाकली जाते. ज्यांना खरोखर धोका आहे आणि गोळी टाळता येत नाही, त्यांच्यासाठी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी आहे, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं, दुखण्याची गोळी चालू असेपर्यंत रोज घ्यायची असते. नाश्त्याच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी. ती दुखण्याच्या गोळीसोबत एकाच पाकिटात घालून ‘दोन्ही जेवून घ्या’ असं सांगितलं जातं, तिथं तिचा उपयोग कमी होतो. ओमेप्राझोल सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं. आणि हेही तितकंच खरं की ही गोळी सगळ्यांना, वर्षानुवर्षं, सवय म्हणून द्यायची नाही. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. ज्याचं दुखणं पॅरासिटामॉलनं किंवा गुडघ्यावर मलम चोळून भागतं, त्याला दुखण्याची गोळीही नको आणि तिचा उताराही नको.

काही जण म्हणतात, नवीन गोळी आली आहे, एटोरिकॉक्सिब, ती पोटाला काही करत नाही. कमी करते, हे खरं. पण सोबत हृदयाची ॲस्पिरिन असेल तर तो फायदा बराचसा जातो, आणि हृदयाचा धोका वेगळाच. याच जातीची रोफेकॉक्सिब ही गोळी २००४ साली हृदयविकाराच्या धोक्यामुळे कंपनीनं जगभरातून मागे घेतली. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडावर यातल्या सगळ्याच गोळ्या ताण आणतात. तेव्हा ‘ही घ्या, सेफ आहे’ असं म्हणताना चार प्रश्न आधी विचारायला हवेत.

दुकानदारांकडे माझ्या मागण्या अवघड नाहीत.

दुखण्याची गोळी मागणाऱ्याला चार प्रश्न विचारा: वय किती, पोटात पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव झाला होता का, हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची गोळी चालू आहे का, दुसरीकडची दुखण्याची गोळी घेताय का. एकाचं जरी उत्तर धोक्याचं आलं तर गोळी न देता डॉक्टरांकडे पाठवा. सुगीपासून घेणाऱ्या आजोबांना सातव्यांदा पट्टी कापून देऊ नका. पाकिटावर नाव लिहा. आणि त्या आजोबांना हेही सांगा की हृदयाची ती बारकी गोळी मनानं बंद करायची नाही. माझ्यासारखीचं बोलणं ऐकून घाबरून ते नेमकी तीच सोडतील, ही भीती मला आहे.

आणि हे सांगा त्यांच्या भाषेत. भाषेच्या वादात मला हे पत्र न्यायचं नाही. आमच्या गल्लीतले कन्नड दुकानदार आम्हाला मराठीत विचारपूस करतात, आम्हीही ‘ऊट आदमेले’ म्हणजे जेवणानंतर हे कळण्याइतकं कन्नड बोलतो. दोन्ही भाषांत नेमकं तेवढंच अपुरं वाक्य सांगितलं जातंय, हे माझं म्हणणं आहे.

आरोग्य खात्याकडे तीन मागण्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आशाताईंच्या वहीत, रक्त कमी असलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक बाई-बाप्याला ‘दुखण्याची गोळी रोज घेता का’ हा एक प्रश्न घाला. लोहाची गोळी देताना, काळी पण घट्ट शी आणि डांबरासारखी चिकट, घाण वासाची शी यांतला फरक समजावून सांगायला सांगा. दुसरं, विडी कामगार, ऊसतोड मजूर, तंबाखूच्या वखारीतल्या बायका यांच्यासाठी वर्षातून दोनदा हिमोग्लोबिनची तपासणी ठेवा, आणि ती कामाच्या जागी ठेवा. रोजंदारी बुडवून त्या तालुक्याला येणार नाहीत. तिसरं, जिल्ह्यातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये या गोळ्यांच्या धोक्याचा फलक कन्नड आणि मराठी दोन्हीत लावायला सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रासह.

फलकाची वाट मी पाहिली नाही. शाळेतल्या सातवीच्या मुलांना घेऊन जाड पुठ्ठ्यावर एक तयार केला. कन्नड मजकूर शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी लिहून दिला, चंचीचं चित्र एका मुलीनं काढलं, तिचीही आजी विड्या वळते. मराठी मजकूर असा आहे:

‘दुखण्याची गोळी घेण्याआधी दुकानदाराला सांगा: माझं वय साठच्या पुढं आहे. मला पूर्वी अल्सर झाला होता. मी हृदयाची, रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची गोळी घेतो. मी दुसरी दुखण्याची गोळी घेतो. शी डांबरासारखी झाली, उलटी काळपट झाली किंवा चक्कर येऊन घाम फुटला, तर दुखण्याची गोळी थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. गोळीची पट्टी सोबत न्या.’

माझ्या डॉक्टर मैत्रिणीकडून तो तपासून घेतला आहे. असे बारा फलक शाळेच्या कपाटात तयार आहेत. एक मी त्या मेडिकलच्या मालकांना नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, वाचला, आणि काउंटरखाली ठेवला. तो काउंटरच्या वर यावा, एवढीच त्यांना विनंती. उरलेले अकरा ज्यांना हवे असतील त्यांनी सांगावं, शाळा सुटल्यावर मी स्वतः आणून भिंतीला लावून देईन.

आपली,
एका विडी कामगार आईची मुलगी
निपाणी